सबफ्रेमचा बोल्ट आतच तुटला, आता पुढे काय? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

यावेळी पत्रं बरीच आली आणि त्यातली बहुतेक एकाच जागेवर येऊन अडकलेली, परफॉर्मन्स कारचा मागचा सबफ्रेम आणि त्याचे तुटलेले, जाम झालेले नाहीतर नुसतेच गरगर फिरणारे बोल्ट. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या वेळी घेऊ, आज फक्त हेच. जे नुकतेच गाडीखाली शिरायला लागलेत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो, मागचा सबफ्रेम म्हणजे बॉडीखाली बोल्टने आवळलेली ती जाड चौकट जिच्यावर डिफरन्शियल (इंजिनाचा जोर दोन्ही चाकांत वाटणारा गिअरचा डबा), सस्पेन्शनचे आर्म, टो लिंक (चाकाची दिशा ठरवणारा दांडा) सगळं बसतं. बहुतेक गाड्यांत चार मोठे बोल्ट चार बुशमधून, म्हणजे धक्का गिळणाऱ्या रबरी गोल तुकड्यांमधून, वर बॉडीत जातात आणि मागची चाकं जेवढा जोर लावतात तो सगळा ह्या चार जागांमधूनच बॉडीपर्यंत पोचतो.

प्रश्न: सर, माझ्या रिअर व्हील ड्राइव्ह कूपेचे सबफ्रेम बुश बदलायला घेतले. तीन बोल्ट कुरकुरत का होईना पण निघाले, चौथ्याला लांब पाइप लावून जोर दिला आणि डोकं तुटून हातात आलं. आता बोल्टची दांडी बुशमध्ये आणि टोक वर बॉडीतल्या नटमध्ये. एक मित्र म्हणतो भोक पाडून इझी-आउट (तुटलेला बोल्ट आतून धरून फिरवायचं निमुळतं एक्स्ट्रॅक्टर) ठोक, दुसरा म्हणतो गॅसने लाल कर आपोआप निघेल. कुणाचं ऐकू?

उत्तर: आत्ता तरी दोघांचंही नको. आधी बोल्ट नक्की कुठे धरलाय ते शोधा, कारण अशा बोल्टला जाम व्हायला दोन जागा असतात आणि दोन्हींचा इलाज वेगळा आहे.

पहिली जागा बुशच्या आतली स्टीलची नळी, म्हणजे स्लीव्ह. बोल्टची दांडी आणि स्लीव्ह ह्यांच्यात केसाएवढी फट असते, त्यात पाणी, चिखल, मीठ जातं, गंज धरतो, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो त्यामुळे ती फट अक्षरशः ठासून भरते. दुसरी जागा म्हणजे वर नटमधले आटे. आता आठवून बघा, तुम्ही जोर देत होतात तेव्हा बुशचं रबर बोल्टबरोबर पिळत होतं का? पिळत असेल तर स्लीव्हनेच दांडी धरलीय आणि वरचे आटे कदाचित एकदम चांगले असतील. डोकं तुटतं ते बहुतेक वेळा ह्याच प्रकारात.

तसं असेल तर काम सोपं आहे. बुश नाहीतरी फेकायचेच आहेत, तर बुशच्या वरच्या तोंडाच्या आणि बॉडीच्या मधल्या सांध्यात रेसिप्रोकेटिंग सॉचं (पुढे-मागे चालणाऱ्या विजेच्या करवतीचं) पातळ मेटलचं पातं घाला आणि बोल्ट तिथेच कापा. बाकीचे तीन बोल्ट परत लावून थोडे ढिले ठेवले की तो सांधा थोडा उघडतो आणि पात्याला जागा मिळते. मग सबफ्रेम खाली उतरवा. उतरवायच्या आधी ब्रेकचे होज, हँडब्रेक केबल, एबीएसच्या वायरी, प्रॉपशाफ्ट सगळं सुटं केलंय ना ते हात फिरवून बघा, डोळ्यावर विश्वास ठेवू नका. आणि एक गोष्ट लोक विसरतात, मागचं एवढं वजन उतरलं की गाडी पुढे जड होते, दोन खांबांच्या लिफ्टवर असेल तर नाक खाली करून झुकू शकते, त्यामुळे पुढच्या बाजूला उंच स्टँड लावल्याशिवाय शेवटचा बोल्ट सोडायचाच नाही.

सबफ्रेम खाली आला की बॉडीतून लोंबणारा बोल्टचा खुंट दिसेल. वायर ब्रशने साफ करा, पेनिट्रेटिंग ऑइल (गंजात मुरणारं पातळ तेल) मारा, आणि चॅसिसच्या पोकळीत वरून जायला रबरी बूच असलेलं भोक असेल (बऱ्याच गाड्यांत असतं, डिकीच्या मॅटखाली नाहीतर मागच्या सीटखाली) तर तिथून नळी घालून नटच्या वरच्या बाजूनेही मारा. खालून मारलेलं तेल वर चढायला खूप वेळ लागतो, वरून मारलेलं आपलं आपण खाली उतरतं. रात्रभर तसंच ठेवा.

दुसऱ्या दिवशी खुंट जर सेंटिमीटरभर जरी बाहेर असेल तर त्याच्यावर नट वेल्ड करायचा. खुंटापेक्षा एक साइझ मोठा, साधा, झिंकचा मुलामा नसलेला नट घ्या (झिंकवर वेल्ड केलं तर विषारी धूर निघतो आणि वेल्डही भुसभुशीत होतो), नट खुंटावर ठेवा आणि मिग वेल्डरने आतून, खुंटाच्या मधोमधून सुरुवात करून बाहेर भरत या. इथे वेल्डची पकड महत्त्वाची आहेच पण खरं काम उष्णता करते. खुंट आत तापतो, फुगतो, थंड होताना आकसतो, आणि त्या फुगण्या-आकसण्यात आट्यांमधला गंजाचा थर तडकतो. म्हणून वेल्ड झाल्या झाल्या पाना लावू नका, लाली पूर्ण जाऊन दोन-चार मिनिटं होऊ द्या. मग लांब पान्याने आधी किंचित आवळायच्या दिशेने, मग सोडायच्या दिशेने. हलला की लगेच पूर्ण बाहेर ओढायची घाई करायची नाही, पाव फेरा बाहेर, थोडा आत, तेल, परत पाव फेरा बाहेर. मध्येच करकर आवाज येऊन जड झाला तर परत आत न्या, तो गंजाचा चुरा आट्यांत अडकत असतो. नट तुटून आला तर दुसरा वेल्ड करा, तिसरा करा, दर वेळी खुंट परत तापतो त्यामुळे ती मेहनत वाया जात नाही.

आता गॅसच्या बाबतीत. इंडक्शन हीटर मिळाला तर जरूर वापरा, त्यात ज्वाला नसते आणि गरम तेवढंच होतं जेवढं कॉइलच्या आत आहे. ऑक्सी-अ‍ॅसिटिलीनची ज्वाला मात्र मागच्या सबफ्रेमजवळ मला अजिबात मान्य नाही. खूप गाड्यांत पेट्रोलची टाकी सबफ्रेमच्या अगदी पुढे असते, तिचे वाफेचे पाइप आणि ब्रेकच्या लाइन तिथूनच जातात, बॉडीला खालून पीव्हीसीचं कोटिंग असतं आणि चॅसिसच्या पोकळीत गंज लागू नये म्हणून मेण फवारलेलं असतं जे पेटलं की आतल्या आत धुमसत राहतं आणि तुम्हाला कळतसुद्धा नाही. शिवाय हल्लीच्या बॉडीत जे जास्त ताकदीचं स्टील असतं ते लाल केलं की तिथली ताकद कायमची जाते, बोल्ट निघतो पण ज्याच्यात तो बसणार ते मऊ पडतं. वेल्डिंगलाही हेच नियम, बॅटरी काढा, अर्थची क्लिप खुंटाच्या जवळ लावा, आतलं कार्पेट आणि साउंड डॅम्पिंग बाजूला करा, एक माणूस फायर एक्स्टिंग्विशर घेऊन आत बसवा आणि काम संपल्यावर अर्धा तास तरी गाडी सोडून जाऊ नका. बुश पॉलीयुरेथेनचे असतील तर ते जळलेले श्वासात जाणं फार वाईट, ते आधी लांब काढा.

राहिला इझी-आउट. माझं मत अगदी स्पष्ट आहे, ह्या बोल्टला तो लावायचा नाही. लांब पाइपच्या जोरावर जो बोल्ट सुटला नाही, तुटला, तो त्याच्यापेक्षा निम्म्या जाडीच्या एक्स्ट्रॅक्टरने कसा सुटेल? वर तो निमुळता असतो, आत शिरताना खुंटाला बाहेरच्या बाजूला फुगवतो म्हणजे आट्यांत अजून घट्ट करतो. आणि तो इतका कडक असतो की वाकत नाही, सरळ तुटतो, आणि एकदा आत तुटला की नेहमीचं ड्रिल त्याच्यावर घसरतं, मग कार्बाइडचं बिट नाहीतर स्पार्क इरोजन (विजेच्या ठिणग्यांनी धातू झिजवून काढणं), म्हणजे मूळ कामाच्या चौपट काम.

खुंट बॉडीच्या पातळीत नाहीतर आतच तुटला असेल तर ड्रिल करावंच लागतं, आणि तिथे सगळा खेळ मध्य सापडण्याचा आहे. तुटलेला पृष्ठभाग कधीच सपाट नसतो त्यामुळे हाताने धरलेलं बिट उताराकडे घसरतं आणि नटच्या मऊ आट्यांत शिरतं. त्यावर उपाय असा की लेथवर एक स्टीलचा गाइड बनवून घ्यायचा, ज्याचा बाहेरचा व्यास बॉडीच्या भोकात बरोबर बसेल आणि मधलं भोक बिटच्या साइझचं असेल, मग बिट हलूच शकत नाही. बिट कोबाल्टचं घ्या आणि मिळालं तर डाव्या आट्याचं, म्हणजे ड्रिल उलटं फिरवताना कापणारं. बऱ्याचदा अर्ध्यापर्यंत भोक गेलं की खुंटातला ताण जातो आणि तो त्या बिटबरोबरच फिरून बाहेर येतो. वेग कमी ठेवा, लहान बिटला मिनिटाला ५००-६०० फेरे, मोठ्याला ३००, दाब भरपूर, कटिंग ऑइल सारखं. गुंडाळ्या निघाल्या पाहिजेत, भुकटी निघायला लागली तर थांबा, बिट कापत नाहीये नुसतं घासतंय आणि घासून घासून खालचं स्टील अजून कडक करतंय.

एम १२ × १.५ चा (१२ मिमी जाड, दोन आट्यांत १.५ मिमी अंतर) बोल्ट असेल तर १०.५ मिमीपर्यंत आणि एम १४ × १.५ असेल तर १२.५ मिमीपर्यंत जा, बरोबर मध्यात असाल तर बोल्टचे आटे तारेसारखे उरतात, ते टोकदार हुकाने ओढून काढता येतात आणि मग टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवून आटे साफ. मध्य चुकून आटे गेलेच तर इन्सर्ट (भोकात बसवायचे नवे तयार आटे) बसवा, पण तारेच्या गुंडाळीवाल्यापेक्षा ह्या जागेला कॉलर असलेला सलग बुशवाला इन्सर्ट मला जास्त भरवशाचा वाटतो. मात्र नटच्या भिंतीत तेवढं मांस शिल्लक आहे का ते आधी मोजा, नसेल तर नटच बदलायचा.

प्रश्न: बोल्ट तुटला नाहीये पण फिरतोय आणि बाहेर येत नाहीये. इम्पॅक्ट गनने वीस सेकंद फिरवला, तरी जागच्या जागी. आता काय?

उत्तर: गन खाली ठेवा. आतला कॅप्टिव्ह नट बॉडीपासून सुटलाय. हा नट चॅसिसच्या बंद पोकळीत दोन-चार टाक्यांनी वेल्ड केलेला असतो किंवा पत्र्याच्या पिंजऱ्यात बसवलेला असतो, बोल्ट गंजाने जाम असला की जोर त्या टाक्यांवर येतो आणि टाके सुटतात. जितका फिरवाल तितकं पोकळीच्या भिंतीचं भोक मोठं होणार आणि नंतर नवीन नट बसवायला सपाट जागाच उरणार नाही.

आधी बघा की वरून पोचता येतं का. मागची सीट काढा, डिकीचं अस्तर काढा, नटच्या जवळपास बूच असेल तर एंडोस्कोप कॅमेरा घालून बघा, कधीकधी तिथूनच पाना नाहीतर वाकवलेली पट्टी अडकवून नट धरता येतो आणि खालून दुसरा माणूस बोल्ट काढतो. वाट नसेल तर खिडकी कापावी लागते. खालून चॅसिसच्या रेलमध्ये कापायचं नाही, तो भाग भार घेतो, वरून डिकीच्या फ्लोअरच्या पत्र्यात कापायची, नटच्या बरोबर वर, कोपरे गोल ठेवून, कारण चौकोनी कोपऱ्यातून पुढे तडा जातो. कापलेला तुकडा जपून ठेवा, तोच परत वेल्ड करायचाय. नवीन नट वेल्ड करताना त्यात नवीन बोल्ट आणि खालून सबफ्रेमचाच नाहीतर त्या मापाचा स्पेसर लावून आवळून मगच टाके मारा, नाहीतर नट तिरका बसतो आणि ते कळतं थेट सबफ्रेम वर चढवताना. वेल्ड करायच्या आधी जोडायच्या तोंडांना वेल्ड-थ्रू झिंक प्रायमर, वेल्डनंतर सीम सीलर आणि पोकळीत भरपूर मेण, हे तिन्ही झाल्याशिवाय अस्तर परत लावू नका.

प्रश्न: मी ट्रॅक डेला गाडी चालवते, गेल्या वर्षी सबफ्रेमला रबर बुश काढून अ‍ॅल्युमिनियमचे सॉलिड माउंट टाकले आणि टायर सेमी-स्लिक (नक्षी कमी, रस्त्याला जास्त चिकटणारे). या वेळी गाडीतून आधी अ‍ॅक्सिलरेटर सोडताना टक असा आवाज यायला लागला, मग मागून गाडी स्वतःच थोडी वळतेय असं वाटायला लागलं, आणि नंतर बघितलं तर मागचा डावा बोल्ट तुटलेला. कुणी सोडला नव्हता, काही नाही. बोल्ट खराब होता का? तुटलेला तुकडा माझ्याकडे आहे.

उत्तर: तुकडा ठेवलात हे फार चांगलं केलंत, बहुतेक जण तो फेकतात आणि मग कारण कधीच कळत नाही. तो ब्रशने घासू नका, रॉकेलने नाहीतर ब्रेक क्लीनरने हलका धुवा आणि उजेडात तिरका धरून तुटलेलं तोंड बघा.

एका बाजूच्या कडेपासून सुरू होऊन आत पसरत जाणाऱ्या गुळगुळीत कमानी दिसतायत का, कापलेल्या ओंडक्यावर वर्षांच्या रेषा असतात तशा? आणि उरलेला भाग खरखरीत करडा? तसं असेल तर बोल्ट एका झटक्यात तुटलेला नाही, थकून तुटलाय. कमानी म्हणजे तडा थांबत थांबत पुढे गेला त्याच्या खुणा आणि खरखरीत भाग म्हणजे उरलेलं स्टील एका क्षणी फाटलं तो. गुळगुळीत भागावर गंज चढलेला असेल तर तडा बरेच दिवस उघडा होता. जर तोंड सपाट असेल आणि त्यावर गोल पिळाच्या रेषा असतील तर तो आवळताना पिळून तुटलाय. आणि तुटण्याच्या जवळ बोल्ट बारीक झालेला असेल, आटे लांबलेले असतील, तर तो ओढला जाऊन तुटलाय.

तुम्ही सांगितलेली लक्षणं बघता मला पहिलाच प्रकार वाटतोय, आणि तसं असेल तर बोल्टचा दोष शोधण्याआधी तो ढिला का झाला ते शोधा. सबफ्रेमचा बोल्ट खिळ्यासारखा आडवा भार घेत नाही. तो आवळताना ताणला जातो आणि स्प्रिंगसारखा माउंटला बॉडीवर दाबून धरतो, गाडीचा सगळा आडवा जोर त्या दाबातून तयार होणाऱ्या घर्षणावर जातो. एम १२ × १.५, १०.९ ग्रेडचा (हा आकडा बोल्टची ताकद सांगतो) बोल्ट नीट आवळला तर साधारण साडेपाच टनांचा दाब देतो. तो दाब शाबूत आहे तोपर्यंत बोल्टला वरच्या जोराची चढ-उतार जवळजवळ जाणवतच नाही. दाब गेला की माउंट सरकायला लागतं, तुम्हाला तो टक आवाज येतो, आणि बोल्ट प्रत्येक अ‍ॅक्सिलरेटरला आणि प्रत्येक ब्रेकला वाकायला लागतो. वाकणं सगळ्यात जास्त जाणवतं ते नटमधल्या पहिल्या आट्याला, भाराचा जवळजवळ तिसरा हिस्सा तो एकटा आटा घेत असतो, म्हणून तुमचा बोल्टही बहुधा तिथेच तुटलाय, बघा.

आता दाब का गेला. सॉलिड माउंट बसवताना बॉडीच्या तोंडावरचं जाड पीव्हीसी कोटिंग किंवा रंग खरवडला होता का? नसेल तर हेच कारण असायची शक्यता मोठी आहे, तो थर भाराखाली हळूहळू चेपतो, मिलिमीटरचा दहावा हिस्सा जरी बसला तरी एवढ्याशा ताणलेल्या बोल्टचा बराचसा ताण निघून जातो. रबर बुशलाही आत स्टीलची स्लीव्ह असते आणि तिचं तोंड बॉडीवर बसतं, पण तिथे रबर धक्का गिळतं. सॉलिड माउंट आणि चिकट टायर असले की व्हील हॉपचा (जोर दिल्यावर चाकं उड्या मारतात त्याचा) प्रत्येक दणका सरळ त्या सांध्यावर. दुसरी शक्यता, बोल्ट जुनेच परत लावले. पुष्कळ गाड्यांत हे बोल्ट टॉर्क (आवळायचा पीळ) अधिक अँगलने आवळायचे असतात, म्हणजे एका ठराविक टॉर्कनंतर अजून ९० अंश वगैरे, ते त्यात कायमचे लांबतात आणि दुसऱ्यांदा लावले की तेवढा दाब देत नाहीत. तिसरी, माउंटची लांबी मूळ बुशपेक्षा वेगळी आणि बोल्ट तोच, त्यामुळे आटे कमी धरलेत.

चारही बोल्ट नवीन टाका, एकच नाही, कारण एक ढिला असताना त्याच्या वाटचा भार बाकीच्या तिघांनी घेतलाय. बॉडीची चारही तोंडं धातू दिसेपर्यंत साफ करा, पातळ एपॉक्सी प्रायमरचा एक हात पुरे. आवळून झाल्यावर बोल्टच्या डोक्यापासून सबफ्रेमपर्यंत पेंट पेनने एक सरळ रेघ ओढा आणि प्रत्येक ट्रॅक डेच्या आधी ती रेघ तुटलीय का एवढं बघा. अँगलने आवळलेल्या बोल्टवर सारखा टॉर्क रेंच लावून तपासत बसू नका, त्याने फक्त तो अजून ताणला जाईल.

प्रश्न: तीन बोल्टवर गाडी हळूहळू चालवत गॅरेजला नेली तर चालेल का? अंतर फार नाहीये.

उत्तर: नाही. टोइंगवर न्या, चाकं उचलून, सपाट ट्रकवर.

प्रश्न: काका, परत तुटू नये म्हणून १२.९ ग्रेडचे बोल्ट टाकू म्हणतोय, नाहीतर स्टेनलेस, म्हणजे गंजच नको. आणि आट्यांना ग्रीस की लॉकटाइट (आटे चिकटवून धरणारा द्रव)?

उत्तर: स्टेनलेसचं आधी सांगतो कारण तो विचार मनातून काढायचा आहे. नेहमी मिळणारा ए२-७० स्टेनलेस बोल्ट ७०० मेगापास्कल ताणाला तुटतो आणि ४५० लाच कायमचा लांबायला लागतो, तुमचा १०.९ चा बोल्ट १००० चा आहे आणि ९०० पर्यंत टिकतो. म्हणजे चकचकीत दिसणारा तो बोल्ट तेवढा दाब देऊच शकत नाही. शिवाय स्टेनलेसचे आटे एकमेकांना चावून जागीच जाम होतात.

१२.९ कागदावर जास्त ताकदीचा आहे, पण तो इतका कडक असतो की त्याच्यावर इलेक्ट्रोप्लेटिंग नीट झालं नसेल तर हायड्रोजन आत शिरतो आणि आवळून ठेवलेला बोल्ट काही तासांनी नाहीतर काही दिवसांनी कुणी हात न लावता तुटतो. गाडीखाली पाण्यामिठात राहणाऱ्या बोल्टला हा धोका कशाला घ्यायचा. आणि तुम्ही टॉर्क मूळचाच देणार असाल तर १२.९ जास्त दाब देत नाही, दाब टॉर्कने येतो, ग्रेडने नाही. मूळ पार्ट नंबरचा, झिंक फ्लेक (झिंकच्या पापुद्र्यांचं) कोटिंगवाला १०.९ बोल्ट घ्या.

ग्रीस. आपण जो टॉर्क देतो त्यातला साधारण निम्मा बोल्टच्या डोक्याखालच्या घर्षणात जातो, ४० टक्के आट्यांच्या घर्षणात, आणि जेमतेम १० टक्के बोल्ट ताणायला उरतो. आता आट्यांना ग्रीस लावलं की ते ४० कमी होतात आणि वाचलेलं सगळं ताणाकडे जातं, म्हणजे त्याच टॉर्कला बोल्ट कितीतरी जास्त ताणला जातो आणि कधी कधी त्याच्या हद्दीपलीकडे. म्हणून कंपनीने कोरडे आटे धरून टॉर्क दिला असेल तर आटे कोरडेच. पण दांडीला, जिथे ती स्लीव्हमधून जाते तिथे, अँटी-सीझ (जाम होऊ न देणारी पेस्ट) किंवा मेणाचं ग्रीस जरूर लावा, तिथे टॉर्कवर काही फरक पडत नाही आणि पुढच्या वेळी डोकं हातात यायची वेळ येत नाही. सबफ्रेम अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर हे दुप्पट महत्त्वाचं, कारण ओलाव्यात स्टील आणि अ‍ॅल्युमिनियम एकत्र आले की अ‍ॅल्युमिनियम झिजतं आणि पांढरी पूड फटीत भरते. लॉकटाइट फक्त मूळ बोल्टवर ती आधीपासून लावलेली येत असेल तरच, आपल्या मनाने नाही.

प्रश्न: बीएमडब्ल्यू ई४६ (३ सिरीजची एक जुनी पिढी) घ्यायचा विचार आहे. सगळे म्हणतात मागचा सबफ्रेम बघून घे. बोल्ट बघायचे का?

उत्तर: ह्या गाडीत बोल्टपेक्षा ज्या पत्र्यात ते जातात तो बघायचा. ई४६ मध्ये सबफ्रेमच्या माउंटभोवती मागच्या फ्लोअरला तडे जातात आणि स्पॉट वेल्ड सुटतात ही गोष्ट जगजाहीर आहे, ३४३ पीएसच्या एम३ मध्येच नाही तर साध्या मॉडेलमध्येही. ताणाची उलटापालट सतत होत राहते आणि पातळ पत्रा थकतो. नुसतं खालून टॉर्च मारून कळत नाही कारण सीम सीलर आणि कोटिंग तडा झाकून टाकतात. सबफ्रेम थोडा खाली घेऊन माउंटभोवतीचं कोटिंग काढायचं आणि डाय पेनिट्रंट मारायचं, लाल रंग आत शिरतो, पुसल्यावर पांढरा डेव्हलपर मारला की तडा लाल रेघ होऊन उठून दिसतो. विकणारा एवढं करू देत नसेल तर निदान डिकीचं अस्तर उचलून वरून बघा आणि गाडी चालवताना गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबून-सोडून मागून आवाज येतो का ऐका. तडे असतील तर टोकाला ३ मिमीचं भोक पाडून तडा थांबवायचा, घासून वेल्ड करायचा आणि वरून रीइन्फोर्समेंट प्लेट, चारही जागांना. फक्त तडा वेल्ड करून सोडला तर तो शेजारून परत सुरू होतो.

निसानच्या सिल्व्हिया आणि स्कायलाइनवाल्यांचीही विचारणा होती, त्यांच्याकडे पद्धत उलटी, बॉडीतून खाली स्टड येतात आणि खालून नट लागतो, त्यामुळे तिथे नट जाम झाला तर जोर देण्याआधी नट स्प्लिटरने फोडा किंवा ग्राइंडरने कापा. नट स्वस्त आहे, बॉडीला वेल्ड केलेला स्टड पिळून तुटला तर काम थेट बॉडी शॉपचं.

प्रश्न: बोल्ट निघाला, नवीन बसले, सगळं आवळलं. पण गाडी आता सरळ जात नाही, स्टिअरिंग थोडं वाकडं धरावं लागतं. काय राहिलं?

उत्तर: सबफ्रेम तिरका बसलाय. बोल्टच्या भोकांत दोन्ही बाजूंना मिलिमीटरभर ढिलाई असते आणि तेवढी ढिलाई मागच्या दोन्ही चाकांना एकाच बाजूला वळवायला पुरेशी आहे, मग पुढची चाकं सरळ ठेवली तरी गाडी तिरकी चालते. बऱ्याच सबफ्रेमला आणि बॉडीला एकासमोर एक येणारी लोकेटिंग भोकं असतात, चारही बोल्ट हाताने लावून त्या भोकांत बरोबर मापाच्या पिना घालायच्या, मग आडव्या-तिडव्या क्रमाने थोडे थोडे आवळायचे आणि शेवटी पिना काढायच्या. भोकं नसतील तर दोन्ही बाजूंना बॉडीवरच्या सारख्या बिंदूंपासून टेपने कर्ण मोजा.

आणि आर्मचे बोल्ट कधी आवळले? गाडी लिफ्टवर, चाकं लोंबत असताना आवळले असतील तर सगळे ढिले करा, चाकांखाली जॅक लावून सस्पेन्शन नेहमीच्या उंचीला आणा आणि मग आवळा, नाहीतर रबरी बुश कायम पिळलेल्या अवस्थेत राहतात, मागची उंची चुकते आणि बुश लवकर फाटतात. हे दोन्ही झाल्यावर चारही चाकांचं अलाइनमेंट करा, आणि प्रिंटआउटवर टो (चाकांची दिशा) आणि कॅम्बर (चाकांचा उभा कल) यांच्या आधी थ्रस्ट अँगल, म्हणजे मागची चाकं गाडीला मधल्या रेघेपासून किती तिरकी ढकलतात तो कोन, बघा, तो शून्याच्या जवळ नसेल तर टो लिंक फिरवून आकडे जुळवून देणाऱ्याला थांबवा आणि सबफ्रेम परत ढिला करायला सांगा.